वर्कला: सकाळी सर्फिंग, संध्याकाळी कड्यावरची चाल, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

केरळ ट्रिप म्हटलं की आपल्याकडे मुन्नार, थेक्कडी, अलेप्पीची हाऊसबोट आणि कोवलम असा ठरलेला आठवडा असतो आणि वर्कला त्यात जमलं तर एक रात्र असं कुठेतरी कोंबलेलं असतं. मग लोक संध्याकाळी पोचतात, कड्यावरून सूर्यास्ताचे फोटो काढतात, सकाळी चेकआऊट करतात आणि घरी येऊन सांगतात की ठीक आहे, कोकणातपण असंच आहे की. खरं सांगायचं तर त्यांनी वर्कला बघितलेलंच नसतं. तीन रात्री तरी द्या, सर्फिंग शिकायचं असेल तर चार, कारण या गावात तुमचा दिवस वारा ठरवतो आणि ते गणित अंगवळणी पडायला एक दिवस जातोच.

गणित सोपं आहे. सकाळी वारा जवळपास पडलेला असतो किंवा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहत असतो, त्यामुळे लाटा स्वच्छ, एकामागून एक नीट रांगेत येतात. दहा-अकरानंतर जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि तेच पाणी चुरगळल्यासारखं होतं, लाट कुठून फुटतेय कळत नाही. म्हणून सकाळ पाण्याला द्यायची, दुपारी सावलीत पडून राहायचं आणि चारनंतर कड्यावरून चालायला निघायचं. हे उलटं केलंत, म्हणजे सकाळी निवांत उठून नाश्ता करून बारा वाजता बोर्ड भाड्याने घ्यायला गेलात, तर ऊन, वारा आणि खवळलेलं पाणी तिन्ही एकदम वाट्याला येतात.

आधी जागा समजून घ्या

वर्कला तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आहे, शहराच्या उत्तरेला चाळीस-पन्नास किलोमीटरवर. केरळचा किनारा बहुतेक ठिकाणी सपाट, नारळ आणि लगेच वाळू असा, इथे मात्र लालसर कडा थेट समुद्राला येऊन भिडतो. वरचा थर जांभा दगडाचा, आपल्या रत्नागिरीच्या सड्यावर असतो तोच, आणि त्याखाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर. भूगर्भवाले या थरांना वर्कलाच्याच नावाने ओळखतात, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या संभाव्य यादीत भारताची जी सात नैसर्गिक ठिकाणं गेली त्यात वर्कला आहे, आपलं पाचगणी-महाबळेश्वरपण त्याच सातात आहे.

हे सांगायचं कारण असं की हा कडा ठिसूळ आहे. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि मग कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. बीचवरून चालताना कड्याच्या अगदी जवळ गेलात तर भिंतीतून बारीक धारा सुटलेल्या दिसतात, आजूबाजूला हिरवं शेवाळ आणि नेचे उगवलेले असतात. बघायला फार सुंदर, पण हेच पाणी कडा आतून पोखरत असतं आणि दगडमाती कोसळण्याचे प्रकार इथे होत असतात. त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या: खाली बीचवर सावली हवी म्हणून कड्याला टेकून बसायचं नाही, पाऊस पडून गेला असेल तर मुळीच नाही, आणि वर असताना कडेला पाय सोडून फोटो काढायचे नाहीत. जिथे कठडा नाही तिथे तर कड्यापासून चार पावलं आतूनच चाला, मुलं बरोबर असतील तर हात धरून.

कधी जायचं

डिसेंबर ते मार्च सगळ्यात बरं. नवशिक्यांसाठी लाटापण याच काळात बेताच्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस असतो, दिवसभर नाही पण दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजांसकट कोसळतात, तेव्हा या महिन्यांत कड्यावरची चाल सकाळी उरका आणि गडगडाट ऐकू आला की कडा आणि बीच दोन्ही सोडून आत या. जून ते ऑगस्ट नकोच, समुद्र खवळलेला असतो, बीच बऱ्याच ठिकाणी पार वाहून जातो, पाणी थेट कड्याला आपटतं आणि कड्यावरचे बरेच कॅफे बंद असतात.

एप्रिल-मे बद्दल वेगळं सांगायला हवं कारण आपल्या शाळांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. उकाडा भयंकर, पण ते एक वेळ सहन होईल, खरी काळजी आहे ती तिथले लोक ज्याला कल्लक्कडल म्हणतात त्याची. खूप लांब दक्षिणेला, पार हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला वादळं होतात, तिथून निघालेल्या लांब लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्याला येऊन धडकतात, आणि त्या वेळी वर्कलात आकाश निरभ्र, वारा शांत, काहीच धोका नाही असं वाटत असतं आणि पाणी मात्र अचानक चढतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था याचे अलर्ट देते, पाण्यात उतरायच्या आदल्या रात्री त्यांच्या वेबसाईटवर एकदा बघायची सवय लावा आणि अलर्ट असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी.

अजून दोन तारखा लक्षात ठेवा. ३० डिसेंबर ते १ जानेवारी शिवगिरी तीर्थयात्रा असते, केरळचे संत-समाजसुधारक नारायण गुरू यांची समाधी इथेच शिवगिरी मठात आहे, पिवळे कपडे घातलेले हजारो भाविक येतात आणि त्यात न्यू इयरची गर्दी, त्यामुळे खोल्या मिळत नाहीत. दुसरी म्हणजे कर्किडक अमावस्या, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, पापनाशम बीचवर पितरांच्या तर्पणासाठी प्रचंड गर्दी होते. यात्रा बघायचीच असेल तर जरूर जा, पण मग बीच हॉलिडेची अपेक्षा ठेवू नका.

कसं पोचायचं

मुंबईहून सरळ गाडी म्हणजे नेत्रावती एक्सप्रेस, लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारी बाराच्या आत सुटते आणि वर्कलाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास पोचते. पनवेल, चिपळूण, रत्नागिरीवाल्यांना तर घरापासूनच बसता येतं. स्टेशनचं नाव वर्कला शिवगिरी, बुकिंग करताना तेच शोधा. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि सीझनला ही गाडी लवकर भरते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाईमटेबल वेगळं असतं हे विसरू नका. पुणे-सोलापूरकडच्यांना पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी आहे, सोलापूरमार्गे जाते, वेळ खाते पण गाडी बदलावी लागत नाही.

जाताना कोल्लम सुटलं की सामान आवरून दाराजवळ या, एक तर पुढचं मोठं स्टेशन वर्कलाच आहे आणि दुसरं म्हणजे परवूर-कापिलच्या पट्ट्यात रूळ बॅकवॉटरवरून जातात, उजवीकडे पाणी, नारळ आणि पलीकडे समुद्राची रेघ दिसते. हाच कापिल पुढे तुमच्या चालण्याच्या वाटेत येणार आहे.

विमानाने जायचं तर तिरुवनंतपुरमला उतरा. तिथून टॅक्सी मिळते, पण सामान थोडं असेल तर तिरुवनंतपुरम सेंट्रलला जाऊन उत्तरेकडे जाणारी कुठलीही वर्कलाला थांबणारी गाडी पकडा, तासाभरात पोचता आणि टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्तात. वर्कला स्टेशनपासून कडा तीनेक किलोमीटर, बाहेर रिक्षा उभ्या असतात, बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

राहायचं कुठे, इथेच सगळं ठरतं

नॉर्थ क्लिफ म्हणजे मेन भाग, कड्याच्या काठाने पायवाट आणि तिला लागून कॅफे, दुकानं, गेस्टहाऊस. पहिल्यांदा जाणारे, एकट्या मुली, संध्याकाळी जरा चहलपहल हवी असणारे, सगळ्यांनी इथेच राहावं. फक्त बुक करताना मालकाला फोन करून विचारा की रिक्षा कुठपर्यंत येते, कारण काठाच्या पायवाटेवर गाड्या जात नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी कड्यावरच्या हेलिपॅडच्या मोकळ्या जागेपाशी उतरून सामान उचलून चालावं लागतं, चाकाची मोठी बॅग असेल तर हाल होतात. आई-बाबा बरोबर असतील तर बीचवर उतरायच्या पायऱ्यांचाही विचार करा, बऱ्याच उभ्या आहेत. त्यांच्यासाठी पापनाशमच्या बाजूला किंवा ओडयमला समुद्राच्या पातळीच्या जवळपास राहिलेलं चांगलं.

ओडयम थोडं उत्तरेला, शांत, कड्याची उंची कमी झालेली, फॅमिलीसाठी मला सगळ्यात आवडतं ते हेच. आणि सर्फिंग हाच मुख्य हेतू असेल तर अजून उत्तरेला एडवा, तिथे वेट्टकडा बीचच्या आसपास सर्फ स्कूलवाल्यांच्या राहायच्या सोयीही आहेत, सकाळी उठून थेट पाण्यात. तिथे रात्री करायला काही नाही, नऊला सगळं सामसूम, पण सकाळी साडेसहाला पाण्यात उतरणाऱ्याला तेच हवं असतं.

सर्फिंग: पहिले तीन दिवस

पोहता येत नसेल तर आधी ते शिका. लाईफ जॅकेट घालून सर्फिंग करू असं काही जण म्हणतात, पण बोर्डवर पोटावर झोपून हात मारायला जॅकेट आडवं येतं आणि बोर्ड हातातून सुटला की पायाखाली जमीन नाही म्हटल्यावर माणूस घाबरतो. ऑलिंपिकसारखं पोहायला नको, शंभर मीटर आरामात आणि पाठीवर तरंगता आलं पाहिजे.

स्कूल निवडताना फोनवर सरळ चार प्रश्न विचारा: एका शिक्षकामागे किती जण, शिक्षकाकडे लाईफसेव्हिंगचं सर्टिफिकेट आहे का, सॉफ्ट म्हणजे फोमचा मऊ बोर्ड देता का, आणि लाटा मोठ्या असतील तर क्लास रद्द करून पैसे परत किंवा दुसरा दिवस देता का. चौथ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. जो माणूस "काही होत नाही, या तुम्ही" म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका, आणि जो म्हणतो की उद्या पहाटे समुद्र बघून कळवतो त्याच्याकडे डोळे मिटून जा.

कपडे म्हणजे घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि शॉर्ट्स किंवा लेगिंग. पाणी वर्षभर कोमट असतं, वेटसूट लागत नाही, पण उघड्या अंगाने बोर्डवर झोपलात तर पोटाची आणि छातीची कातडी घासून लाल होते आणि दुसऱ्या दिवशी झोपवत नाही. सनस्क्रीन जाड पांढरं झिंकवालं, मानेला, कानांना आणि पोटऱ्यांच्या मागे लावा, कारण पाण्यात तुम्ही पालथे असता आणि पाठीमागचाच भाग भाजतो.

पहिल्या दिवशी अर्धा वेळ वाळूवरच जातो आणि तो जाऊ द्या. बोर्डवर मधोमध झोपायचं, पायाची बोटं मागच्या टोकाजवळ, छाती थोडी वर, नजर समोर. मग हात बरगड्यांजवळ टेकवून एका दमात उठायचं, गुडघे टेकवून नाही, नाहीतर ती सवय लागते आणि मग सुटत नाही. कुठला पाय पुढे हे कळत नसेल तर कोणीतरी मागून हलकं ढकललं की जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढे. दोरी म्हणजे लीश मागच्या पायाला. मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस पकडायचा, शिक्षक मागून ढकलतो, तुम्ही फक्त उठायचं बघायचं.

नवखे पडतात ते बहुतेक खाली बघितल्यामुळे. पायाकडे बघितलं की वजन पुढे जातं, बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि माणूस डोक्यावरून जातो. किनाऱ्यावरचं एखादं नारळाचं झाड हेरून ठेवा आणि उठताना त्याच्याकडेच बघत राहा, एवढ्या एका गोष्टीने बराच फरक पडतो. पडताना सूर मारायचा नाही, पसरट पडायचं, वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण बोर्ड लीशने ओढला जाऊन तुमच्याकडेच येत असतो. आणि बोर्ड घेऊन आत चालताना तो स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरायचा नाही, एका बाजूला, नाक लाटेकडे, नाहीतर लाट तो उचलून थेट तोंडावर मारते.

दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या ठणकतात, ते सगळ्यांचंच होतं. एक तास पुरे, जास्त ताणू नका. तिसऱ्या दिवशी मात्र शरीराला कळलेलं असतं, आणि त्या सकाळी पांढऱ्या फेसावर चार-पाच सेकंद सरळ उभं राहून किनाऱ्यापर्यंत येता तेव्हा चार रात्री का म्हणत होतो ते कळतं. हिरवी, न फुटलेली लाट हा पुढचा अभ्यास, त्यासाठी परत यावं लागतं.

ओढ लागली तर

सर्फिंग करा न करा, पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. लाटांनी आणलेलं पाणी कुठूनतरी परत जातंच, आणि ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात बाहेर जातं, ती ओढ. वरून, म्हणजे कड्यावरून, ती छान ओळखता येते: दोन्ही बाजूला लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत, थोडा गढूळ, फेस समुद्राकडे वाहत चाललेला. नेमकी तीच जागा लोकांना सेफ वाटते. सकाळी खाली उतरायच्या आधी पाच मिनिटं वर उभं राहून हे बघायचं, वर्कलात कडा आहे त्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही, दमता आणि जागच्या जागी राहता. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे. बोर्ड असेल तर तो सोडू नका, त्याच्यावर पडून राहा. लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही आणि लाईफगार्डने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर यायचं, अंधार पडल्यावर तर कुठेच नाही. इमर्जन्सीला ११२, कोस्ट गार्डचा १५५४ आणि किनारा पोलिसांचा १०९३ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

भरती-ओहोटीचा फरक इथे मुंबईच्या मानाने फारच कमी, जेमतेम मीटरभर, त्यामुळे मुंबईकर निर्धास्त होतात. पण बीच अरुंद आहे, भरतीला काही ठिकाणी कडा आणि पाणी यात चालायला जागाच उरत नाही, म्हणून खालून लांब चालायचं असेल तर ओहोटीची वेळ बघूनच निघा.

कड्यावरची चाल: हेलिपॅड ते कापिल

एकूण सहा-सात किलोमीटर, थांबत थांबत अडीच-तीन तास. दोन भागात केली तरी चालेल, पहिल्या संध्याकाळी ओडयमपर्यंत आणि नंतर एका दिवशी पुढची.

दुपारी साडेतीन-चारला हेलिपॅडपासून उत्तरेला निघा. पहिला भाग कॅफेवाल्यांचा, डावीकडे कडा आणि उजवीकडे दुकानं, लोक आत बोलावतात, हसून पुढे चला. दुकानं संपत आली की वाट उतरायला लागते आणि ब्लॅक बीच येतो, काळसर वाळूचा, ती वाळू दुपारी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. तिथून ओडयम अगदी जवळ. इथे चहा घ्या, पाणी भरून घ्या, पुढे दुकानं तुरळक आहेत.

ओडयमच्या पुढे एडवाकडे जाताना सगळं बदलतं. टुरिस्ट संपतात, मच्छीमारांची घरं, मशिदी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. ही लोकांची अंगणं आहेत, तिथून स्विमिंगच्या कपड्यात जायचं नाही, वर काहीतरी घालून घ्या, जाळ्यांवर पाय देऊ नका, फोटो विचारून काढा. वाट कुठे बीचवर उतरते, कुठे गल्लीत शिरते, चुकलात तर "चेट्टा (दादा), कापिल?" म्हणून विचारा, हात करून दाखवतात.

शेवटी कापिल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बॅकवॉटर आणि मधून रस्ता. सूर्यास्त डिसेंबरात सव्वासहाच्या आसपास, मार्चमध्ये साडेसहानंतर, त्या हिशोबाने अर्धा तास आधी पोचा. बॅकवॉटर समुद्राला मिळतं तिथे पाण्यात उतरू नका, प्रवाहाचा भरवसा नसतो. परत अंधारात चालत यायचं नाही, जाताना रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि त्याला कापिलला बोलवा.

पापनाशम, जेवण आणि बाकीचं

पापनाशम बीच हा तीर्थाचा बीच आहे, लोक तिथे आई-वडिलांचे विधी करत असतात, तेव्हा तिथे अंगभर कपड्यात जा आणि विधींचे फोटो काढू नका. वर जनार्दनस्वामींचं जुनं देऊळ आहे, पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, मुंडू किंवा आपलं धोतर असेल तर उत्तम. मोकळ्या दुपारी दक्षिणेला अंचुतेंगूचा किल्ला करता येतो, ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला, छोटाच आहे, पाऊण तास पुरतो.

सर्फिंगच्या आधी केळं आणि पाणी एवढंच, आल्यावर पुट्टू-कडला (तांदळाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्याची आमटी) किंवा अप्पम-स्ट्यू पोटभर. कड्यावरची हॉटेलं संध्याकाळी ताजे मासे बाहेर बर्फावर मांडतात, मासा निवडताना किलोचा भाव, वजन आणि बनवायचे पैसे वेगळे आहेत का हे तिन्ही आधीच विचारा. रोज क्लिफवर जेवायला परवडत नाही, देवळाकडच्या जंक्शनला गेलात की साधी केळीच्या पानावरची जेवणं मिळतात आणि शाकाहारी लोकांची सोय तिथेच जास्त चांगली होते. थोडी कॅश जवळ ठेवा, रिक्षा आणि चहावाल्यांसाठी.

परतीची नेत्रावती वर्कलाला सकाळीच येते, त्यामुळे शेवटच्या सकाळी क्लास ठेवू नका, ओले कपडे आदल्या दुपारीच वाळत टाका, आणि रिक्षा रात्रीच सांगून ठेवा, सकाळी हेलिपॅडपाशी एखादवेळेस एकही उभी नसते.